आत्यानं ठेवलेलं नाव

मांगेरे उपनगरातल्या मोफत कर्जसल्ला केंद्रात लुपे आपल्या नंबराची वाट पाहत होती. पुढच्या बाकावर दोघी चुलतबहिणी क्रेडिट रिपोर्ट मांडीवर पसरून बसल्या होत्या. थोरलीचा आवाज चढला.

“फोनचं बिल थकवलंस तू आणि डाग लागला मला! बँकेनं दारातूनच परत पाठवलं.”

“ताई, एकच नाव, माझ्या लग्नाआधीचा पत्ताही एकच. रिपोर्टवाल्यांनी दोघींची मिळून एकच बाई केली.”

“आत्याला दुसरं नाव सुचलं नाही? दोघींनाही आजीचंच!”

“आत्यापुढे कोण बोलणार?”

“नाव दोघींना, नशीब मात्र तुला एकटीला. नवरा तुला, घराचं कर्ज तुला. आजीची लग्नातली मानाची चटईसुद्धा तुलाच.”

“बिल मी भरते गं. डाग आजच काढून टाकू.”

“त्यासाठीच आलेय.”

“पण त्याच्या खाली बघ. गाडीचे हप्ते.”

“सगळे वेळेवर भरलेत की.”

“तुझ्याकडे गाडी कुठंय?”

लुपेनं कान टवकारले. थोरलीनं हप्त्यांच्या ओळीवर बोट टेकवलं.

“म्हणजे यातलं चांगलंही तुझंच.”

“ते राहू दे ना. मी कुणाला सांगणार नाही. तुला कर्ज मिळेल.”

“तुझ्या पुण्याईवर घर घेऊ? आणि जन्मभर तुझे उपकार ऐकू? तेही काढायचं.”

“मग तुझ्याकडे उरेल काय?”

“उरेल ते माझं असेल.”

आतून हाक आली, “मेलेआने फिफिता!”

दोघी एकदम उठल्या. थोरलीनं खांदा दाबून धाकटीला खाली बसवलं.

“मला बोलावलंय.”