दोनशे चाळीस बायका, काम काही नाही

मॅडम : दोनशे चाळीस बायका, कुसाबाई! आणि एकजात सगळ्यांच्या फॉर्मवर व्यवसाय काय, तर 'काही नाही, घरीच'. माझं डोकं फिरवायचं ठरवलंय का तुम्ही सगळ्यांनी मिळून?

कुसाबाई : जरा बाजूला व्हा मॅडम. मणी पडत्यात अंगावर.

मॅडम : आत्ता तुमच्या हातात कात्री आहे. पेठहून येऊन सकाळी सातपासून तुम्ही दिंडोरीच्या या बागेत द्राक्षाचे घड विरळताय, जास्तीचे मणी कापून टाकताय. हे काम नाही तर काय आहे?

कुसाबाई : कामच हाय की. मी कुठं नाय म्हणते?

मॅडम : अहो, माझी विद्यापीठाची पोरं सर्व्हेला आली तेव्हा म्हणालात ना! हा बघा तुमचा फॉर्म. कुसाबाई रावजी भोये, तालुका पेठ, व्यवसाय काही नाही.

कुसाबाई : हां. तसंच सांगितलं.

मॅडम : पण का?

कुसाबाई : पोरांच्या हातात कागद व्हता, कागदावर रकाने व्हते. मागल्या साली असाच कागद घेऊन एक जण गावात आला. आमची भागीबाई भोळी. भात लावते, द्राक्षावर जाते, सगळं भडाभडा सांगून बसली. सहा महिन्यांत तिचं पिवळं कार्ड गेलं. रेशनचा तांदूळ बंद. आता बोला.

मॅडम : तो सरकारी कागद होता. हा विद्यापीठाचा आहे.

कुसाबाई : आमाला दोनी सारखेच.

मॅडम : अगं आई गं! ऐका जरा. नाशिकला आमच्या विद्यापीठात स्त्री-अभ्यास विभाग काढायचाय. बायकांचं काम, त्यांचे हक्क, हे शिकवणारा. दोन हजार एकपासून मी ती फाईल घेऊन या टेबलावरून त्या टेबलावर नाचतेय. आधी म्हणाले, शिवणाचा वर्ग आहे की, आणखी काय हवं? मग म्हणाले, गृहविज्ञानात घाला. आता म्हणतात, पुरावा आणा. आणि पुरावा काय, तर अख्ख्या तालुक्यात एकही बाई काम करत नाही! सोमवारी बैठक आहे. तिथे ठराव पडला की पुन्हा कुणी ती फाईल उघडणार नाही.

कुसाबाई : मंग मी काय करू? कार्ड घालवू?

मॅडम : तसं नाही हो म्हणत मी.

कुसाबाई : तसंच झालं की. तुमचा विभाग निघंल, माझ्या नातवांनी काय खायाचं? आन नुसत्या उभ्या ऱ्हाऊ नका, ती फांदी धरा. मण्याला बोट नका लावू, डाग पडतो.

मॅडम : धरली. पण सोमवारी काय तोंड दाखवू मी?

कुसाबाई : तसाच द्या की कागद.

मॅडम : तसाच म्हणजे?

कुसाबाई : हाय तसा. दोनशे चाळीस बाया, काम काही नाय. आन इचारा त्या सायबांना, मंग तुमच्या बशीतली द्राक्षं कुणी विरळली? माकडांनी?

मॅडम : कुसाबाई...

कुसाबाई : हसताय काय?

मॅडम : हसत नाही. इतकी वर्षं मी मूर्खासारखी... सोडते ही फांदी. मला निघायला हवं.

कुसाबाई : अवो, घड निम्माच झालाय!

(पुढच्या हंगामात, त्याच बागेत.)

कुसाबाई : आलात का? मला वाटलं, इसरल्या. काय झालं बैठकीचं?

मॅडम : सटाण्याकडची लवकरची द्राक्षं नेली होती. सगळ्यांनी खाल्ली, मग फॉर्म वाटले. एक सर मणी चघळत म्हणाले, छापताना चूक झाली असेल. दुसरे म्हणाले, माझी आई पण जन्मभर 'घरीच'... आणि त्यांनी हातातला मणी परत बशीत ठेवला. तासभर भांडले मी. मग वर्षभर सह्यांसाठी पळवलं. पण मिळाला विभाग. एक खोली, तीही बिनपंख्याची.

कुसाबाई : मिळाला ना? मंग कपाळाला आठ्या कशाला?

मॅडम : बुधवारी उद्घाटन आहे. तुम्ही यायचं.

कुसाबाई : माझा खाडा पडंल.

मॅडम : पडू दे! मुकादमाशी मी भांडते, आता सवय झालीय मला. दाराशी एक वही ठेवलीय, पाहुण्यांचं नाव आणि व्यवसाय लिहायला. पहिलं नाव तुमचं. आता तरी खरं लिहू ना?

कुसाबाई : तुमची वही दुसरं कुणी बघणार नाय, असं छातीवर हात ठेवून सांगता?

मॅडम : नाही, कुसाबाई. ते नाही सांगता येत मला.

कुसाबाई : मंग रकाना मोकळा सोडा. नाव तेवढं नीट लिवा.