लाल बटण आणि न्यू जर्सीचा रिपोर्ट

...आणि वर म्हणे, रिपोर्ट कुठूनही दिसतो! अहो, काय दिसतं? कोरं पान दिसतं! तुम्हाला सांगतो, दोन हजार आठ साल, सांता क्लारातली पंप विकणारी एक कंपनी, तिथं आमचा देवदत्त, मूळचा पुण्याचा, व्हिसावर आलेला, आणि त्याची ग्रीन कार्डची फाइल बॉसच्या टेबलावर सहीवाचून पडलेली. बॉस म्हणजे पॅम. पॅमनं इंटरनेटवर रिपोर्ट दाखवणारं सॉफ्टवेअर घेतलं, पण विक्रीचे आकडे सगळे देवदत्तच्या टेबलाखालच्या कॉम्प्युटरात, आणि ते तिथून हलवायचे नाहीत, असा कंपनीचा नियम! म्हणजे पंगत एकीकडे, स्वयंपाक दुसरीकडे. मग वाढपी म्हणून त्या कॉम्प्युटरात एक प्रोग्रॅम बसवायचा, तो आकडे इंटरनेटवर पोचवणार. पॅम म्हणाली, न्यू जर्सीच्या हेड ऑफिसला सकाळी रिपोर्ट दिसू लागला की सही करते.

बसवला. देवदत्तनं उघडून पाहिलं, आकडे हजर. दुसऱ्या दिवशी न्यू जर्सीहून बोंब, रिपोर्ट कोरा! आता तिथलं घड्याळ तीन तास पुढे, तिथं ऑफिस उघडतं तेव्हा आपले साहेब फ्रीमाँटला घरी दात घासत असतात. ते ऑफिसात पोचले, खुर्चीत बसले, उघडून बघतात तर काय, सगळं व्यवस्थित. "चालू आहे की!"

रोज हेच हो! सॉफ्टवेअर कंपनीत काम करणाऱ्या मुलीनं फोनवर बिचारीनं विचारलं, मशीन चालू असतं ना? याला राग. "चालू आहे की! समोर बसलोय त्याच्या." मग ती म्हणे नेटवर्कचा दोष, नेटवर्कवाला म्हणे सॉफ्टवेअरचा, आणि पॅम म्हणे, सोमवारपर्यंत बघते, नाहीतर काम दुसऱ्याला देते. काम गेलं की नोकरी, नोकरी गेली की व्हिसा! देवदत्तनं घरी येऊन सगळं सांगितलं.

त्याची बायको रेणू शांतपणे चहा पीत होती. म्हणाली, "आपल्या मायक्रोवेव्हवर कधी खरी वेळ दिसते का रे?"

कशी दिसणार? अमेरिकेत भिंतीवरच्या प्लगला बटणच नसतं, याचं देवदत्तला पहिल्या दिवसापासून दुःख! म्हणून यानं घरी आणि ऑफिसात लाल बटणाचे एक्स्टेन्शन बोर्ड आणून लावलेले. वडिलांची शिस्त ना... खोलीबाहेर पडताना बटण बंद, की मायक्रोवेव्हचं घड्याळही पुसलं! संध्याकाळी ऑफिसातून निघताना बुटाच्या टोकानं टक्, कॉम्प्युटर बंद, सकाळी आल्यावर पुन्हा टक्, चालू. पायाचं काम, डोक्याला पत्ताच नाही!

त्या संध्याकाळी काळजावर दगड ठेवून त्यानं बटण चालू ठेवलं. सकाळी न्यू जर्सी खूश, पॅम खूश, फाइलवर सही! यानं आनंदानं पुण्याला फोन केला. वडील मोरेश्वरराव म्हणाले, "म्हणजे ऑफिसात माणूस नाही, आणि यंत्र चालूच? निदान पडदा तरी मालवत जा."

वडिलांचा शब्द! यानं मॉनिटर मालवला. दुसऱ्या दिवशी रिपोर्ट पुन्हा कोरा! झालं काय, तर पॅम पहाटेच ऑफिसात आली, पडदा काळा बघून तिला वाटलं मशीन बंद आहे, म्हणून बाईंनी मदत म्हणून कॉम्प्युटरच्या खोक्यावरचं बटण दाबलं. चालू मशीन बंद! देवदत्त आला तेव्हा ती काळ्या पडद्यासमोर ऐटीत उभी. म्हणाली, चालू आहे की, मीच केलं!

आता सही करणाऱ्या बाईला काय बोलणार? देवदत्त रोज अंधारात फ्रीवेच्या रस्त्याला लागतो आणि पॅमनं पुन्हा मदत करू नये म्हणून तिच्या आधी त्या बटणापाशी जाऊन बसतो. रिपोर्ट कुठूनही दिसतो हो, अगदी कुठूनही... फक्त देवदत्तला तिथंच बसावं लागतं.