लांडगा नसलेलं वर्ष

सेलू स्टेशनच्या तिकीट खिडकीपुढची रांग. माझ्यापुढे वालूरचा मेंढपाळ मल्हारी, त्याच्यापुढे शेतकरी दत्तराव.

“मल्हारी, औंदा माझ्या रानात मेंढरं कधी बसवतोस? खत पायजे.”

“मेंढरं कुठं हायत, मालक? मी परभणीला हमालीला जायलोय.”

“दोनशे होती की! लांडगे मारले म्हणून गूळ वाटत फिरलास.”

“मारले. बिळात धूर करून पिल्लंसुदिक मारली. त्या साली एक कोकरू गेलं न्हाई. साडेतीनशे झाली.”

“मग वंगाळ काय झालं?”

“आधी खोकणारं, मागं पडणारं मेंढरू लांडगा न्यायचा. आता कोण नेणार? माझी लेक तानू असल्या आजारी मेंढरांना चुलीपाशी निजवायची, सकाळी कळपात सोडायची. रोग समद्यात फिरला. चारा तर लय आधीच सरला होता.”

“उरली किती?”

“नऊ.”

“नवाची नव्वद होतील गड्या.”

“नऊच्या नऊ नर हायत. गाभण मेंढ्या आधी गेल्या.”

“मग दुसऱ्याची एखादी मेंढी घे.”

“कुणाची घेऊ? लांडगे समद्या गावांनी मिळून मारले, मालक.”