हे नाव वापरात आहे

हिमानी: घेतच नाहीये. परत परत टाइप केलं. म्हणतंय, हे नाव आधीच वापरात आहे.

देवांग: मग दुसरं घे ना. पक्ष्यांना काय तोटा आहे?

हिमानी: पण टिटवी नावाचं मशीनच नाहीये आपल्याकडे. मी सगळं चेक केलं. खंड्या, तांबट, धनेश हे सर्व्हर. कोतवाल म्हणजे फायरवॉल. सुतार म्हणजे तो ठकठक करणारा प्रिंटर. टिटवी कुठेच नाही. आणि मला नवीन मशीन्सना आजच नावं द्यायचीयत.

देवांग: नाचण घे. शिंजीर घे. छान छोटे पक्षी आहेत.

हिमानी: टिटवी म्हणता येईल इथल्या अमेरिकन लोकांना, म्हणून घेत होते. तांबटचं ते टॅम्बॅट करतात. माझी आजी जॉर्जियात, अल्फारेटाला असते, तिला फोन करून आणखी पक्षी विचारले. तिनं खूप सांगितले, आणि टिटवी सांगितल्यावर म्हणाली, हे मात्र ठेवू नकोस गं.

देवांग: बरोबर म्हणाली. टिटवी ओरडली की आमची आई अंथरुणात उठून बसायची. कुणाची तरी बातमी येणार, म्हणायची. सौमित्रनं म्हणूनच ते नाव ऑफिसात कधी दिलं नाही. म्हणायचा, उगाच कुणी देशी माणूस दचकायला नको.

हिमानी: सौमित्र म्हणजे माझ्याआधी या डेस्कवर होते ते?

देवांग: हो. हे सगळं नेटवर्क त्यानंच उभं केलं. पक्ष्यांची आयडियाही त्याचीच. मार्चमध्ये बॅडमिंटन खेळून घरी आला, बूट काढायला बसला, आणि गेला. उठलाच नाही.

हिमानी: सॉरी. मला एवढंच माहीत होतं की ते आता नाहीत. पण देवांग, टिटवी नावाचं मशीन आत्ता ऑन आहे. हे बघ. आपल्याच वायफायवर आहे.

देवांग: माहीत आहे मला.

हिमानी: माहीत आहे म्हणजे?

देवांग: त्याच्या स्वतःच्या लॅपटॉपचं नाव आहे ते. घरचा लॅपटॉप, रोज बॅगेतून आणायचा. ऑफिसात ठेवलं नाही ते नाव त्यानं घरच्याला ठेवलं.

हिमानी: वेट. माणूस मार्चमध्ये गेला आणि त्याचा लॅपटॉप जूनमध्ये आपल्या नेटवर्कवर आहे. आणि तू कुणाला सांगितलं नाहीस?

देवांग: काय सांगणार होतो? दुपारी येतो, थोडा वेळ असतो, जातो. चॅटवर त्याच्या नावापुढं हिरवा ठिपका लागतो. पहिल्या दिवशी म्हटलं, काहीतरी बग असेल. मग काय सुचलं कोण जाणे, मी त्याला मेसेज टाकला.

हिमानी: काय मेसेज?

देवांग: 'जेवलास का?' रोज तेच विचारायचो, तेच बोटांतून गेलं. आणि खाली 'टायपिंग' असं आलं.

हिमानी: नो.

देवांग: बराच वेळ होतं. थांबायचं, परत यायचं. मग गेलं. उत्तर काही आलं नाही. तेव्हापासून दुपारी मी या मजल्यावर एकटा बसत नाही, बास.

हिमानी: मला भीती वाटतेय, पण चार वाजता माझी मीटिंग आहे. कुणाचं माहीत नाही असं मशीन नेटवर्कवर असलं तर मला ते ब्लॉक करावंच लागतं. थांब, कुठल्या वायफायवरून आलंय ते दिसतं. पार्किंगकडच्या बाहेरच्या भिंतीवरचा बॉक्स. म्हणजे ते बिल्डिंगच्या आत नाहीच.

देवांग: पार्किंग?

हिमानी: खिडकीतून काय बघतोयस?

देवांग: ती कडेची निळी गाडी. त्या झाडाखालची. सौमित्रची आहे ती. चल खाली.

(दोघं पार्किंगमध्ये येतात. निळ्या गाडीत सौमित्रची बायको उर्वी मांडीवर लॅपटॉप उघडून बसली आहे. शेजारच्या सीटवर तिचा फोन. ती काच खाली करते.)

उर्वी: कधीतरी येशील असं वाटलंच होतं, देवांग.

देवांग: वहिनी, तुम्ही इथं? फोन तरी करायचात. मला काय काय वाटत होतं.

उर्वी: काय सांगणार फोन करून? ही कोण?

देवांग: ही हिमानी. सौमित्रच्या जागी आली आहे. म्हणजे, नेटवर्क आता ही बघते.

उर्वी: जागी आली म्हणालास तरी चालेल. कुणीतरी यायलाच हवं. पावसात का उभे आहात? बसा आत.

हिमानी: थँक यू, काकू. काकू म्हटलं तर चालेल ना?

उर्वी: चालेल की. मागचं सामान सरकव जरा. त्याच्याच रॅकेट्स आहेत.

देवांग: वहिनी, इंटरनेट नाहीये का घरी? मी येऊन लावून दिलं असतं.

उर्वी: आहे. माझा भाऊ आला होता दिवसांना, त्यानं राउटर बदलला. हा लॅपटॉप तेव्हापासून नवा पासवर्ड मागतो. मी घातला नाही.

देवांग: का?

उर्वी: घरी लावला तर तो घरी आहे असं दिसेल. दुपारचा तो कधी घरी असायचा का? दुपारी तो इथं असायचा. म्हणून इथं येते. झाकण उघडलं की आपोआप लागतं, काही करावं लागत नाही. फोनवर त्याच्या नावापुढं हिरवं होतं. तेवढं बघत बसते. वेड्यासारखं वाटत असेल तुला.

देवांग: नाही वाटत.

उर्वी: एकदा हे नाव बदलायलाही बसले होते. टिटवी. घरात आणलं त्याच दिवशी मी भांडले होते त्याच्याशी. आमच्याकडे, नागपूरला, शेजारच्या रिकाम्या प्लॉटवर टिटव्या होत्या. रात्रभर ओरडायच्या, आजी देवापुढं दिवा लावून बसायची. म्हटलं, असलं नाव कशाला? तर म्हणाला, टिटवी वाईट बातमी आणत नाही गं, ती नुसती जागी असते. बाकीचे झोपलेले असतात म्हणून तिचं ओरडणं ऐकू येतं.

हिमानी: मग बदललं का नाही, काकू?

उर्वी: खोडून कोरं केलं, आणि तिथं काय लिहावं सुचेना. परत तेच लिहिलं. पण मनातून जात नाही. तो गेला त्याला नाव कारण नाही, कळतं मला. तरी वाटतं, मी आणखी भांडायला हवं होतं.

देवांग: वहिनी, एक विचारू? मी मेसेज टाकला होता. त्या दिवशी...

उर्वी: मीच होते. 'जेवलास का' असं एकदम समोर आलं. त्याला कुणी विचारतंय म्हटल्यावर उत्तर द्यायला हवं ना? मी 'हो रे' लिहिलं. मग वाटलं, तो 'रे' म्हणत असेल का तुला? 'हो यार' लिहिलं. तेही खोडलं. नुसतं 'हो' लिहिलं, तर ते रागावल्यासारखं दिसायला लागलं. इतक्या वर्षांचा संसार, आणि माझा नवरा मित्राला काय लिहितो ते मला ठाऊक नाही. सांग, काय लिहिलं असतं त्यानं?

देवांग: काहीच नाही. उत्तर द्यायचाच नाही तो. डबा घेऊन सरळ माझ्या टेबलापाशी यायचा.

उर्वी: म्हणजे मी गप्प बसले तेच...

देवांग: तेच त्याच्यासारखं झालं. 'टायपिंग' गेलं आणि मी वळून बघितलं, वहिनी. दाराकडं. किती वेळ बघत होतो कोण जाणे.

हिमानी: काकू, मला हे आवडत नाही सांगायला. पण मला टिटवी ब्लॉक करावं लागणार. आज. तो रूल आहे, मी बदलू शकत नाही.

उर्वी: ब्लॉक केलंस की काय होतं?

हिमानी: तो कनेक्ट व्हायला बघत राहील. परत परत. आणि होणार नाही.

उर्वी: तसं नको. दारात उभं राहून बेल वाजवत बसल्यासारखं होईल ते. मीच बंद करते. या चॅटमधून त्याला बाहेर काढायचं कुठं असतं, ते दाखव मला.

हिमानी: इथे. त्या गोल फोटोवर. मग खाली, साइन आउट.

उर्वी: विचारतंय, नक्की का म्हणून.

देवांग: वहिनी, आजच करायला पाहिजे असं नाही. मी बोलतो वर. तुम्ही उद्या या, परवा या, मी बघतो काय ते.

उर्वी: परवा आले तर पुढच्या आठवड्यातही येईन. मग तू रोज दाराकडं बघशील. नको. हे बघ, केलं.

हिमानी: काकू, रडायचं असेल तर...

उर्वी: घरी रडते मी. इथं कधी रडले नाही. फोनवर बघ गं तू, हिरवं गेलं का. माझ्यानं बघवत नाही.

हिमानी: गेलं. आता नुसतं नाव आहे. आणि फोटो.

उर्वी: राहू दे. नाव काढून टाकायचा रूल नाहीये ना तुमचा?

हिमानी: नाही, काकू. तुमच्या फोनमधलं तुमचं आहे.

देवांग: वर चला, वहिनी. चहा घ्या. सगळे ओळखतात तुम्हाला, भेटतील. एकट्या अशा लगेच गाडी चालवत जाऊ नका.

उर्वी: नको रे. इथून तुमच्या मजल्याच्या खिडक्या दिसतात. त्याची खुर्ची दिसत नाही. म्हणून तर मी इथवरच येत होते.