नानांची वरची खोली

परवा दोंडाईच्याला टपरीवर अशी लाज गेली की विचारू नका. प्रकाश मोबाइलवर दक्षिण आफ्रिकेतल्या नाचाचे रील दाखवत होता. मध्येच तिथलीच बातमी आली : बाहेरून आलेल्यांची दुकानं जमावानं बंद पाडली. आमच्या रफिकचा भाऊ जोहान्सबर्गला दुकान चालवतो. आम्ही बठ्ठे रफिककडे वळलो.

नाना मात्र भडकले. "पोट भराले येल मानुसले कोनी हाकलस का? रफिक, तुना भाऊ बरा शे ना?"

"बरा आहे. शेजारच्या बाईनं, तिथलीच ती, बायकापोरांसकट घरात ठेवून घेतलं."

"याले म्हनतस मानुसकी!" नानांनी खुशीत अजून चहा सांगितला.

रफिक हळूच म्हणाला, "नाना, तो आता परत येतोय. तुमची वरची खोली रिकामी आहे ना?"

नाना बशीत बघायला लागले. "मनं काही नही रे. पन गल्लीना लोके..." आणि त्यांनी आशेनं माझ्याकडे पाहिलं.

त्यांच्याच गल्लीत मी राहतो. मी पेला तोंडाला लावला. चहा केव्हाच संपला होता.

शेवटी रफिकनंच आम्हाला सोडवलं. "जाऊ द्या. प्रकाश, तो नाच लाव ना पुन्हा."