सहसा मिळत नाही

—नाही हो देवस्थळीसाहेब, रिटायर झाल्यावर क्वार्टर सहसा ठेवता येत नाही. सहसा. नियमातलं हे वाक्य तुम्हीच लिहिलेलं आहे, मी नुसतं वाचून दाखवतेय. बसा ना, उभे का? सहा महिने आणखी हवेत, वैजयंतीवहिनींचं डायलिसिस टाउनशिपच्या दवाखान्यात चालू आहे, बाग सेवनियात राहायला गेलात तर तिथून येणं-जाणं झेपणार नाही — वाचलं सगळं, दोनदा वाचलं. अपवाद करता येतो का? येतो की. मी शिफारस लिहायची, आताचे साहेब न बघता सही करतात. ह्या खुर्चीत तुम्ही होतात तेव्हा सही तुमची असायची, एवढाच फरक.

आठवतंय का — नसेलच, कशाला आठवेल — आमचे हे कारखान्यात, शॉपमध्येच हार्ट अटॅकनं गेले, आणि तेरावं उरकून मी ह्याच टेबलापुढे उभी होते. कल्पनाची दहावी मार्चमध्ये, तेवढी होईपर्यंत राहू द्या म्हटलं. तुम्ही म्हणालात, "बाई, विधवा साधारणपणे माहेरी जातात." मला माहेर नाही, भोपाळबाहेर माझं कुणीच नाही, म्हटलं — तर म्हणालात, असतात असे अपवाद, पण अपवादांवर ऑफिस चालत नसतं. फेब्रुवारीत सामान बाहेर. पोरगी अंगणात ट्रंकेवर बसून भूगोल वाचत होती, आणि क्वार्टरांची सगळी लाइन पडद्याआडून बघत होती. नापास झाली हो. हुशार होती माझी कल्पना.

दोन वर्षांनी तुम्ही बढतीवर दुसऱ्या खात्यात गेलात आणि ह्यांच्यामागे अनुकंपेवर मला हीच खुर्ची मिळाली. त्याला अकरा वर्षं झाली. किती अर्ज आले सांगू? एकतीस. एकही परत नाही पाठवला — कुणाच्या मुलीचं लग्न, कुणाची आई अंथरुणाला, एकाला तर दारचा आंबा सोडवेना, त्यालाही लिहून दिलं, विशेष बाब म्हणून. साहेब हसायचे, सरोजताई, मग हा नियम ठेवलाय कशाला, काढून टाकू. मी काढू दिला नाही. असू दे म्हटलं, लागेल — कारण तुमची जन्मतारीख मला पाठ होती, ह्यांचीसुद्धा नाही एवढी — हे बोलायचं नव्हतं मला. जाऊ दे.

वहिनींचं वाईट वाटतं. खरंच वाटतं. सामान काढलं त्या दिवशी त्या एकट्याच बाहेर आल्या होत्या, कल्पनाला पाणी दिलं. तरीही मी लिहिणार नाही.

इथं हात जोडू नका, लोक बघतात. सोमवारी दहाला चौकीदार किल्ली घ्यायला येईल. या आता. दार ओढून घ्या.