पांढरी चौकट

हॅलो?… हो, वहिनी, बोल. ऑफिसातच आहे मी. तू सायबर कॅफेतच ना अजून?… चौकट नुसती पांढरी? पण मघाशी फोटो आला होता ना?… आला, आणि घाबरून विंडोच बंद केलीस. बरं.

नाही गं, तुझ्या हातून काही बिघडलेलं नाही. खाली कोपऱ्यात काय लिहिलंय?… ‘डन’. म्हणजे कॉम्प्युटरच्या लेखी काम झालं…

हो, हो… अगं ऐक ना. पूल पडला, तिकडचे रस्ते तुटले, म्हणून ओळख न पटलेल्या मृतांचे फोटो वेबवर टाकले. ते पान मीच केलंय. फोटो पट्टीपट्टीनं उतरतो. आधी केस, मग कपाळ, मग डोळे. तसलं बघणं कुणाच्या नशिबी नको, म्हणून मी तो झाकून ठेवते. पूर्ण आला की ब्राउझर स्क्रिप्टला, म्हणजे पानातल्या माझ्या छोट्या प्रोग्रॅमला, वर्दी देतो, मग ती पडदा काढते… पण दुसऱ्यांदा फोटो तुझ्या समोरच्याच कॉम्प्युटरच्या पोटातून येतो, पातं लवायच्या आत. तिथला ब्राउझर जुना, स्क्रिप्ट कान देईपर्यंत वर्दी देऊन मोकळा. मग पडदा काढणार कोण?

होईल दुरुस्त. दोन ओळींची अदलाबदल. आधी स्क्रिप्टला कान द्यायला लावायचं, मग फोटो मागवायचा… पण वहिनी, नको बघूस. माझ्याकडे दिसतोय तो. मी सांगते ना…

मघाशी ओझरता दिसला, तो दादा नव्हता? बरं… आईलाही घरी फोन करून तसंच कळवलंस?… आणि मग ती जेवली. परवापासून पाण्यावर होती गं ती…

नाही, माझा शब्द कसा पुरेल. माणूस तुझं, डोळेही तुझेच हवेत. थांब जरा…

केलं. चढवलं. आता रिफ्रेश कर.

…आला?

वहिनी?

…हो. भुवईवरचा व्रण. हो गं… सकाळीच बघितला मी. तुला फोन करायला हात धजेना.

काय?… मघाशीच ओळखलं होतंस?… आणि तरी आईला… अगं बाई. दोन घास तरी जावेत पोटात, म्हणून.

नको, तू नको सांगूस तिला. एकटीनं किती उचलशील… खुर्चीवर बस. तिथल्या माणसाकडे पाणी माग. मी घरी जाऊन आईला घेते, तिकडे येते, मग तिघी मिळूनच… हो, तिघी. उठू नकोस तोवर…

थांब, टेबलावरचा दुसरा फोन वाजतोय. आईच असणार… नाही, तो नुसता वाजत ठेवता नाही येणार. ठेवते मी.